स्वेडचा सोफा पुसण्याआधी या चुका टाळा

आमच्या सोफ्याच्या डाव्या हातावर बशीएवढं एक वर्तुळ आहे. सांडला होता चमचाभर चहा, पण वर्तुळ चहाचं नाही. ते मी घाईघाईने फिरवलेल्या ओल्या फडक्याचं आहे.

फडकं उचलण्याआधी सोफा खरंच स्वेडचा आहे का, एवढं पाहिलं असतं तरी पुरलं असतं. स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू, घासून लव काढलेली. आपल्याकडे दुकानात ‘स्वेड’ म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा पॉलिएस्टरच्या अतिबारीक धाग्यांचं कापड असतं. उशीची चेन उघडून उलटी बाजू बघा. वीण दिसली तर कापड. खऱ्या स्वेडची लव सगळीकडे सारखी नसते, आणि कातडं शेवटी जनावराएवढंच, त्यामुळे मोठ्या सोफ्यावर जोड जास्त. कापड असेल तर लेबलावर अक्षर शोधा. डब्ल्यू असेल तर पाणी चालतं, एस असेल तर फक्त सॉल्व्हंट (म्हणजे अल्कोहोलसारखं, डाग विरघळवणारं बिनपाण्याचं द्रव), डब्ल्यूएस असेल तर दोन्ही आणि एक्स असेल तर नुसता व्हॅक्यूम. सफाईचे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात ते यामुळेच: एकजण कातड्याचं सांगत असतो, दुसरा कापडाचं.

आता ते वर्तुळ. पाणी पसरताना रंग आणि धूळ कडेला नेतं आणि तिथेच सोडून वाळतं. तेवढाच ठिपका पुन्हा पुन्हा पुसला की कड आणखी गडद होते. म्हणून सांडल्याबरोबर पांढऱ्या सुती कापडाने दाबून टिपायचं, घासायचं नाही. तरीही वर्तुळ उमटलंच, आणि लेबलावर एस किंवा एक्स नसेल, तर एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सगळा भाग पाण्याच्या स्प्रेने अगदी हलका, सारखा दमट करायचा, टिपायचा आणि पंख्याखाली वाळू द्यायचा. पूर्ण सुकल्यावरच मऊ ब्रशने लव उठवायची. घाई म्हणून हेअर ड्रायर लावू नका, उन्हातही ओढू नका. कातडं कडक होतं, रंग उडतो. मी हे सगळं उशिरा केलं, म्हणून आमचं वर्तुळ फिकं झालं पण गेलं नाही.

चहापेक्षा आपल्या घरांत जास्त नुकसान करतं ते डोक्याचं तेल. पाठीच्या वरच्या भागावर काळपट, चकचकीत पट्टा दिसतो ना, तो त्याचाच. तेलावर पाणी नकोच. कॉर्नफ्लोअर किंवा बिनवासाची टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झाडा, गरज पडली तर पुन्हा. चपटी झालेली लव पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासली तर बरीचशी उठते (रंगीत खोडरबर स्वतःचाच रंग सोडतो). पण खरा इलाज म्हणजे पाठीवर एक छोटं कापड टाकणं. गावठी वाटतं? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मकासार नावाच्या केसांच्या तेलापासून खुर्च्या वाचवायला हेच केलं आणि त्या कापडाला नावही ‘अँटिमकासर’ असंच पडलं.

वरणभाताचा घास पडला की साबणाकडे धावू नका. हळदीवर साबण किंवा खायचा सोडा पडला की डाग लाल होतो, हे पांढरा सदरा धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. घट्ट भाग चमच्याने अलगद उचला. कापडी सोफा एस किंवा डब्ल्यूएस असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने टिपा. खऱ्या स्वेडवर अल्कोहोल मूळ रंगही उचलू शकतं, तेव्हा आधी सोफ्याच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला करून पाहा. मोठा डाग सरळ जाणकाराकडे द्या.

लेदरची क्रीम आणि पॉलिश लावू नका. लव चिकटून बसते.

पावसाळ्यात सोफा प्लास्टिकने झाकणं ही सगळ्यात महागात पडणारी काळजी. आत दमट हवा कोंडते आणि गौरी-गणपतीच्या आवराआवरीत झाकण काढलं की खाली पांढरी बुरशी! झाकायचंच तर जुनी सुती चादर घ्या. सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पंखा चालू ठेवा. बुरशी आलीच तर उशा गॅलरीत नेऊन, तोंडाला रुमाल बांधून कोरड्याच झाडा, खोलीत झाडाल तर तीच बुरशी पडद्यांवर जाऊन बसेल.