गावाचा एक पडदा: एकत्र टीव्ही पाहण्याची सोय कशी लावावी

टीव्हीनं माणसं जवळ आणली की दूर नेली, यावर पारावर रात्रभर बोलता येतं. 1987-88 च्या सुमाराला रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागली की गल्ल्या ओस पडायच्या आणि गाव एका संचापुढं गोळा व्हायचं, हे उदाहरण सगळेच देतात. पण तो संच बहुधा कुणाच्या तरी वाड्यात असायचा. घरचे पलंगावर, भावकी ओसरीवर, बाकीचे अंगणात आणि काहीजण खिडकीच्या गजांतून. चित्र सगळ्यांना एकच दिसायचं, बसायची जागा मात्र जातीनं आणि ऐपतीनं ठरायची. आता घरोघरी टीव्ही आणि हातोहात मोबाइल आहे. ते गज गेले, तशी ती गर्दीही गेली.

ज्या गावाला किंवा तांड्याला महिन्यातून दोनतीनदा एकत्र बसून काही पाहायचं आहे, त्यांनी यंत्राइतकाच विचार सतरंजीचा करावा. यंत्र कुणीही जोडून देतं. सतरंजी चुकली की दुसऱ्या कार्यक्रमाला निम्मंच गाव येतं.

जागा

1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर देशात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. एटीएस-6 या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत कार्यक्रम थेट पोचवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शिवेपलीकडच्या गुलबर्गा, विजापूर, रायचूर जिल्ह्यांतली गावं होती. ते संच कुणाच्या घरी न देता शाळेत, पंचायतीत ठेवले होते. एवढी एक गोष्ट तिथून जशीच्या तशी उचलावी.

जिल्हा परिषद शाळेचं पटांगण सगळ्यात बरं. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्याकडून लेखी परवानगी घ्या. ग्रामपंचायतीचा हॉलही चालतो, मात्र निवडणुकीच्या आधी-नंतरचे दोन महिने तिथं एका गटाचीच माणसं फिरकतात. देवळाचा सभामंडप, दर्ग्याचं आवार, कुणाचं खळं नको. तिथं बसणारा पाहुणा होतो, आणि पाहुण्याला 'हे लावा' म्हणता येत नाही.

जागा पक्की करण्याआधी अंधार पडल्यावर गावाच्या दोन्ही टोकांकडून तिथवर चालत या. बायका ज्या वाटेनं येणार तिथं दिवा आहे का, नाली उघडी आहे का, ती वाट दारूच्या गुत्त्यावरून जाते का, हे बघा. शंभर रुपयांचा एलईडी बल्ब त्या वाटेवर लावला नाही, तर तीस हजारांचा प्रोजेक्टर पुरुषांपुरताच राहतो.

संच की प्रोजेक्टर

शेवटच्या रांगेचं अंतर चित्राच्या उंचीच्या आठपटीपेक्षा जास्त नसावं. 43 इंची टीव्हीच्या चित्राची उंची साधारण 21 इंच, म्हणजे 14 फुटांपलीकडं माणसं नुसती हलताना दिसतात. तो 25-30 जणांपुरता. 55 इंचीला 18 फूट. शंभर माणसांसाठी 10 फूट रुंद पडदा लागतो. त्याची उंची साडेपाच फुटांच्या आसपास होते आणि 40-45 फुटांपर्यंत चेहरे ओळखू येतात.

प्रोजेक्टर घेताना 'एएनएसआय ल्युमेन', म्हणजे प्रमाणित पद्धतीनं मोजलेला उजेड, किती ते विचारा. 3,000 पुरतात. खोक्यावर नुसतं '9,000 ल्युमेन' छापलेल्या स्वस्त यंत्राचा उजेड त्याच्या पावपटही पडत नाही. साध्या प्रोजेक्टरला 10 फुटी पडद्यासाठी साधारण 15 फूट मागं ठेवावं लागतं, म्हणजे तो माणसांच्या मधोमध येतो. टेबल उंच घ्या, भोवती तीन फूट मोकळे सोडा. नाहीतर उठणाऱ्या प्रत्येकाचं डोकं पडद्यावर उमटतं.

पडद्याला पांढरा मांजरपाट दुहेरी शिवून घ्यावा, चारी कडांना दोन-दोन फुटांवर दोरीसाठी भोकं पाडावीत. खालची कड जमिनीपासून चार फूट वर. खालीही दोरी बांधायचीच. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी वारं सुटलं की सैल पडद्यावरचा खेळाडू पोटातून फुगतो, आणि पोरांना सामन्यापेक्षा तेच आवडतं.

डिश

डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची फुकट डिश-सेवा, तिला महिन्याचा खर्च नाही. प्लेट, एलएनबी (प्लेटसमोरच्या दांड्यावरची, उपग्रहाचा संकेत पकडणारी डबी), बॉक्स आणि वायर मिळून एकदाच दीड-दोन हजार. बॉक्स एमपीईजी-4 या नव्या पद्धतीचाच घ्या, जुन्या एमपीईजी-2 वर काही वाहिन्या दिसत नाहीत. प्लेट 60-65 सेंटिमीटरची.

उपग्रह आहे जीसॅट-15, 93.5 अंश पूर्वेला. मराठवाड्यातून तो आग्नेयेला दिसतो. छत्रपती संभाजीनगर आणि लातूरहून होकायंत्रावर साधारण 136 अंश, नांदेडहून 138-139. आकाशात उंची 59 ते 61 अंश. मोबाइलचं होकायंत्र खांबाजवळ धरू नका, लोखंडामुळं काटा भरकटतो. तीन मीटर लांब उभं राहून समोरचं एखादं झाड किंवा टाकी हेरा आणि प्लेट तिकडं वळवा.

इथं बहुतेकांची चूक होते. ही प्लेट ऑफसेट असते, ती दिसते त्यापेक्षा साधारण 25 अंश वर 'बघत' असते. 60 अंशांचा उपग्रह पकडायला प्लेट आकाशाकडं उताणी करायची नाही. वरच्या आणि खालच्या कडेला टेकवून एक काठी धरा, तिचा ओळंब्याशी कोन 35 अंशांच्या आसपास यायला हवा. खांब आधी ओळंब्यात उभा करा, तो कलला असेल तर हा सगळा हिशेब फसतो. पत्र्यावर बसवू नका, पत्रा थरथरतो. भिंतीत किंवा स्लॅबवर फास्टनरनं घट्ट करा.

मग एकानं वर, एकानं टीव्हीपाशी. बॉक्सच्या मेन्यूत दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि गुणवत्ता. ताकदीची पट्टी भरली म्हणून खालून 'आलं, आलं' ओरडणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एलएनबीला वीज पोचली तरी ती भरते. गुणवत्ता वाढेपर्यंत प्लेट बोटाच्या पेराएवढी सरकवायची, तीन सेकंद थांबायचं, पुन्हा सरकवायची. बॉक्सला चित्र पकडायला वेळ लागतो, त्यामुळं घाईत फिरवणारा उपग्रह ओलांडून जातो. गुणवत्ता आली की एलएनबी तिच्या खोबणीत थोडी-थोडी फिरवा. ती आपल्याकडं सरळ उभी राहत नाही, चांगलीच तिरपी बसते. सगळ्यात जास्त आकडा मिळेल तिथं पाना आवळा, आणि आवळताना पट्टीकडं लक्ष ठेवा, कारण शेवटच्या फेऱ्यात प्लेट हमखास सरकते.

वायर आरजी-6, तीस मीटरच्या आत. खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. जोडावर रबरी टेप गुंडाळा. पुढं बिघाड येतात ते ठरलेले: जोडात पाणी, एलएनबीच्या तोंडावर कुंभारीण माशीचं घर, वानरांनी हलवलेली प्लेट, आणि दोन वर्षांत वाढलेला लिंब. जोरदार पावसात चित्र तुकड्या-तुकड्यांनी अडतं, त्यावर इलाज नाही. पाऊस ओसरला की आपोआप येतं, तेव्हा वर चढून पाने फिरवू नका.

वीज आणि आवाज

रब्बीत मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून स्टॅबिलायझर हवा. वीज गेली तर इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1,800 वॅट-तास देते. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून हजार धरा. प्रोजेक्टर, स्पीकर आणि बॉक्स मिळून 400 वॅट घेतात, म्हणजे अडीच तास. टी-ट्वेंटीचा एक डाव निभतो, पूर्ण सामना नाही. 43 इंची टीव्ही आणि छोटा स्पीकर असेल तर पाचेक तास सहज.

स्पीकर मंडळाच्या पोरांकडं असतातच, पण ते मिरवणुकीचे. बेस पूर्ण खाली करा, नाहीतर बोलणं कळत नाही. दोन पुढं आणि एक लहान मागं, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला नियमानं मनाई आहे, एरवीही पोलीस ठाण्यात अर्ज लागतो. दहा वाजता स्पीकर बंद करून टीव्हीच्या आवाजावर उरलेलं बघा.

बसणं

पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायची नाही, एकही. सरपंचांसाठी एक ठेवली की चेअरमनसाठी दुसरी, मग पाटलांसाठी तिसरी, आणि खाली बसलेल्यांना आपण कुठं बसलोय हे आठवतं. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सात-आठ खुर्च्या दोन्ही कडांना, मागच्या बाजूला.

सतरंजीची मधली वाट पडद्यापासून मागपर्यंत उभी ठेवा. एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष, म्हणजे दोघांनाही पुढची जागा मिळते. नेहमीसारखं पुरुष पुढं, बायका मागं केलं की मागच्यांना ऐकू येत नाही. त्या आपसांत बोलू लागतात आणि मग 'बायकांना कळतच नाही' असं ठरतं. पोरं पहिल्या तीन रांगांत. रुमाल टाकून जागा धरायची नाही, हे पहिल्याच दिवशी माइकवरून सांगा.

पाण्याला तोटीचा जार ठेवा, पेले ज्यानं त्यानं विसळून घ्यावेत. तांब्यानं पाणी वाढणारा माणूस नेमू नका. कोण वाढतो, कोण ओंजळ धरतो, कुणाच्या पेल्यावर धार वरून सोडली जाते, यातून जे बोललं जातं ते कुठल्याही कार्यक्रमानं पुसत नाही. चहा करायचा तर आळीपाळीनं वेगवेगळ्या गल्लीनं करावा.

काय लावायचं, कोण ठरवणार

रिमोट दर महिन्याला एका नव्या घराकडं, आणि तो क्रम वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर चिकटवलेला. निवडीचा हक्क पाळीनं: एकदा बचत गटाच्या बायका, एकदा कॉलेजची पोरं, एकदा म्हातारे. चिठ्ठ्या टाकून बहुमतानं ठरवू नका, बहुमतात तांड्याचा किंवा मोहल्ल्याचा नंबर कधीच लागत नाही.

सोपी सुरुवात म्हणजे क्रिकेट. 2007 च्या कायद्यामुळं राष्ट्रीय महत्त्वाचे ठरलेले सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, ते फ्री डिशवर फुकट दिसतात. सगळेच दिसतात असं नाही, आधी वेळापत्रक तपासा. भारत-पाकिस्तान सामना पहिल्याच महिन्यात लावू नका. लावाल तेव्हा माइक बंद ठेवा, आणि कुणाकडंही बोट दाखवून घोषणा दिली तर चित्र बंद होईल हे आधी सांगा. दिली, तर खरंच बंद करा. वृत्तवाहिन्यांवरचा चर्चेचा आरडाओरडा सामायिक पडद्यावर नकोच, तो घरोघरी पुरेसा आहे. 26 जानेवारीचं संचलन, 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजारोहण, 14 एप्रिल, शेतीचे कार्यक्रम, नाटक, कुस्ती चालतात. रोजची मालिका नको. तिचे पाचशे भाग असतात आणि दोन भाग चुकलेला माणूस परत येत नाही.

भाषेचं वेगळं सांगावं लागतं. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू, उमरग्याकडं कन्नड, मोहल्ल्यात दखनी उर्दू, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी. पडद्यावर मात्र पुण्या-मुंबईची मराठी किंवा हिंदी. 'काय करूलालास' (काय करतोयस) असं इकडच्या बोलीत बोलणारं पात्र टीव्हीवर आलंच तर बहुधा नोकर नाहीतर हसवायला. पोरं आपल्याच आजीच्या बोलीला हसतात आणि तिथून घरात बोलणं बदलतं. यासाठी भाषण नको. कार्यक्रम संपल्यावर दिवे लावून पंधरा मिनिटं बसा आणि म्हाताऱ्यांना विचारा, आत्ता बघितलेलं अवजार, सण, पदार्थ आपल्याकडं काय नावानं चालतो. एक गोरमाटीत सांगेल, एक दखनीत. ही पंधरा मिनिटं टाळली तर लोक बघून आपापल्या वाटेनं जातात, शेजारी बसलेल्याशी शब्द न बोलता.

पैसा

तिकीट लावायचं नाही. पैसे घेऊन लोकांना प्रसारण दाखवणं 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 37 मध्ये अडकतं. दारात दानपेटी ठेवून 'ऐच्छिक' म्हणण्याची पळवाटही नको. यंत्राची वर्गणी वेगळ्या दिवशी, वेगळ्या पावतीवर, आणि दिली-न दिली तरी प्रवेश सारखाच. कुणाच्या मोबाइलवरचं पैसे भरलेलं ॲप पडद्याला जोडू नका, ते खातं घरगुती वापरापुरतं असतं.

मे-जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वहीत प्रत्येक वेळी तीन आकडे लिहा: पुरुष किती, बायका किती, आणि सतरंजीचा कुठला कोपरा रिकामा होता. तोच कोपरा सलग तीनदा रिकामा दिसला, तर त्या गल्लीत जाऊन आधी वेळ विचारा, मग वाट, मग शेजारी कोण बसतं ते. बहुतेक ठिकाणी वेळ हेच कारण निघतं. ऊसतोडीचे लोक कारखान्याला गेलेले असतात, किंवा सोयाबीनची रास चालू असते.