पुरासाठी हॅम हँडसेट घेताय? वॅट नका विचारू, त्याला ऐकू किती येतं ते बघा

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशकात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय. आणि त्याच आठवड्यात मला दोन-तीन फोन येतातच, की एक वॉकीटॉकी घ्यायचाय, जास्तीत जास्त वॅटचा कुठला ते सांगा. 2008, 2016, 2019, तिन्ही वेळचा गोदेचा पूर ज्यांनी सराफ बाजारात किंवा पंचवटीत पाहिलाय त्यांची काळजी मला समजते, आता 2027 चा सिंहस्थही आहे, आणि लाखो लोक एका ठिकाणी जमले की मोबाइलचं नेटवर्क किती तग धरतं ते सगळ्यांना माहितीये. पण सुरुवातच चुकीच्या प्रश्नाने होते म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो.

आधी हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स, मग सेट. त्यातल्या सुरुवातीच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेला मोर्स कोड लागत नाही, वय 12 पूर्ण असलं की बसता येतं, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. परीक्षेचं जमतच नसेल तर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवाले अर्ध्या वॅटचे छोटे सेट लायसन्सशिवाय चालतात, गल्लीतल्या गल्लीत उपयोगाचे आहेत, पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. आणि "इमर्जन्सीत कोण विचारतंय" म्हणून बिनलायसन्सचा सेट कपाटात ठेवणाऱ्यांना मी कधीच मदत करत नाही, कारण ज्याने कधी सेटवर बोलून पाहिलेलं नाही तो पुराच्या रात्री बटण दाबून धरतो आणि बाकी सगळ्यांचं बोलणं बंद पाडतो.

बँड. आपल्याकडे हॅमसाठी व्हीएचएफला 144 ते 146 आणि यूएचएफला 434 ते 438 मेगाहर्ट्झ. ड्युअल बँड, म्हणजे दोन्हींवर चालणारा घ्या, फक्त व्हीएचएफचा चांगला सेट मिळत असेल तर तोही चालेल. डीएमआर वगैरे डिजिटल पहिल्या सेटमध्ये नको, साधं अ‍ॅनालॉग एफएम सगळ्यांकडे असतं.

आता वॅट. 5 वॅट आणि 8 वॅटमध्ये फरक फक्त 2 डेसिबलचा, ऐकणाऱ्याला तो जेमतेम कळतो, आणि त्यासाठी बॅटरी मात्र जोरात संपते. या फ्रिक्वेन्सी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे खरा खेळ उंचीचा आहे. सपाट जागेवर अँटेना 2 मीटर उंच असेल तर रेडिओचं क्षितिज जेमतेम 6 किलोमीटर, तीच अँटेना 20 मीटरवर गच्चीत नेली तर 18 च्या आसपास, आणि शहरात मध्ये इमारती आल्या की हे आकडे पार खाली येतात. सहा मजले चढून जे मिळतं ते कुठलाही जास्त वॅटचा सेट देत नाही. लोक मला 2004 च्या सुनामीचं उदाहरण देतात, की अंदमानातून हॅमवाले बोलत होते. खरंय, भारती प्रसाद यांची टीम तेव्हा तिथे स्टेशन लावूनच होती आणि त्यांनी फार मोठं काम केलं, पण ते एचएफचं, म्हणजे लांबवर जाणाऱ्या कमी फ्रिक्वेन्सींचं काम होतं, मोठ्या अँटेनांचं. हातातल्या सेटकडून पंचवटी ते सिडको मागा, पोर्ट ब्लेअर ते दिल्ली नाही.

आता ज्या गोष्टीत माझं अख्खं एक वर्ष गेलं ती. सेटला ऐकू किती येतं.

माझा पहिला सेट स्वस्तातला होता, ऑनलाइन घेतलेला, आणि सगळे सांगतात तशी त्याला लगेच लांब अँटेना लावली. मी गंगापूर रोडला, मामेभाऊ पंचवटीत, त्याचंही लायसन्स आहे. मी गच्चीवर जाऊन हाका मारायचो, तिकडून काहीच नाही. फोन केला की तो म्हणायचा अरे तुझं सगळं स्वच्छ ऐकू येतंय, मी उत्तर देतोय की. मी त्याचा सेट खराब म्हणून मोकळा झालो, त्याने बिचाऱ्याने बॅटरी बदलली, अँटेना बदलली, नंतर सेटसुद्धा बदलला. मग एकदा पाऊस आला म्हणून मी जिन्यात उतरलो, लांब अँटेना भिजू नये म्हणून काढून सेटबरोबर आलेली आखूड लावली, आणि तो शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा ऐकू यायला लागला. दोष सगळा माझ्या सेटचा होता.

झालं असं की गच्चीवर चहूबाजूंनी मोबाइलचे टॉवर, एफएम स्टेशनं, कुणाकुणाचे वायरलेस, सगळ्यांचे जोरदार सिग्नल येत असतात. बरेचसे स्वस्त सेट एकाच चिपवर चालतात आणि त्या चिपच्या आधी नको ते सिग्नल अडवायला फारसं काही नसतं, त्यामुळे बाकीचा गोंगाट आत घुसला की रिसीव्हर दबून जातो आणि भावाचा हलका सिग्नल त्यात बुडतो. अशा सेटला मोठी अँटेना लावणं म्हणजे आवाज सहन न होणाऱ्याच्या कानाला कर्णा लावणं. आणि वाईट म्हणजे हे लक्षातच येत नाही, सेट शांत असतो, आपल्याला वाटतं कोणी बोलतच नाहीये. पुराच्या रात्री कोणी मदत मागत असेल आणि आपण कोणी नाही म्हणून खाली उतरून आलो, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

म्हणून घेण्याआधी दोन कामं करा. पहिलं, स्पेसिफिकेशनमध्ये रिसीव्हरचा प्रकार वाचा. डबल कन्व्हर्जन सुपरहेटरोडाइन (थोडक्यात सुपरहेट, सिग्नल टप्प्याटप्प्याने गाळून घेणारा) लिहिलं असेल तर चांगली खूण, डायरेक्ट कन्व्हर्जन असेल तर जास्त कसून तपासा. फक्त कंपनीच्या नावावर जाऊ नका, याएसूचाच एफटी-60 सुपरहेट आहे आणि एफटी-4 डायरेक्ट कन्व्हर्जन.

दुसरं, आणि हे मी कोणालाही सोडू देत नाही, सेट स्वतः ऐकून बघा. एखाद्या ओळखीच्या हॅमला सोबत घ्या, दुसऱ्याला दोन-तीन किलोमीटरवर उभं करा आणि त्याला लो पॉवरवर एक ते दहा सावकाश मोजायला लावा. तुम्ही स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय, पूर्ण उघडा, सतत खरखर ऐकू यायला हवी, कारण स्क्वेल्च उघडा नसेल तर हलका सिग्नल तोच गिळतो. त्याला अशा जागी सरकवा की आकडे खरखरीतून कसेबसे कळतील. आता आखूड अँटेना, मग लांब अँटेना, मग गच्चीच्या कठड्याशी, मग टॉवर दिसणार नाही अशा कोपऱ्यात, एका वेळी एकच गोष्ट बदला. लांब अँटेनाने किंवा उघड्यावर आल्यावर आकडे जास्त स्पष्ट झाले तर सेट चांगला. कमी झाले तर तो सेट शहरासाठी नाही, गावाकडे, ट्रेकला चालेल. स्क्रीनवरच्या सिग्नलच्या दांड्या बघूच नका, कित्येक सेटवर त्या एक तर शून्य नाहीतर फुल असतात. कानावर विश्वास ठेवा. दुकानदार काउंटरवर दोन सेट शेजारी धरून "हॅलो हॅलो" करून दाखवतो त्याला टेस्ट म्हणत नाहीत.

सेट आधीच घेऊन बसला असाल आणि तो असा निघाला तर फेकू नका. इमारतीची आड घ्या, म्हणजे टॉवर पाठीमागे आणि ज्याच्याशी बोलायचं ती दिशा मोकळी. आखूड अँटेनाच ठेवा आणि तिच्या बुडाशी, धातूच्या बाहेरच्या कड्याला टेकेल अशी साधारण 49 सेंटीमीटरची वायर जोडून खाली लोंबकळू द्या, टायगर टेल म्हणतात तिला. व्हीएचएफवर चांगला फरक पडतो आणि खर्च जवळपास नाहीच.

बॅटरी. 1800 एमएएचचा पॅक फुल पॉवरवर सलग बोललात तर तास-सव्वा तासात झोपतो, लो पॉवरवर आणि जास्त वेळ ऐकण्यात घालवला तर दिवस निघतो. माझी एकच अट असते, पेन्सिल सेलची केस मिळत असलेलाच सेट घ्या. तीन दिवस लाइट नसेल तर किराणा दुकानातले सेल मिळतील, चार्जिंग मिळणार नाही. चार्जर किती व्होल्टचा आहे तेही वाचा, काही स्टँड 10 व्होल्टवर चालतात, गाडीच्या 12 व्होल्टला थेट जोडू नका.

पाणी. आयपी54 म्हणजे फक्त शिंतोडे. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्या पावसाला आयपीएक्स7च हवा, आणि इअरफोनच्या भोकावरचं रबर नीट बसलेलं असेल तरच त्याला अर्थ.

आणखी एक गोष्ट दुकानातच करून बघा. कॉम्प्युटरशिवाय, फक्त कीपॅडवरून, नवी फ्रिक्वेन्सी आणि टोन (रिपीटर उघडायला लागणारा ठरावीक सूर) घालता येतो का. घरी केबल लावून शंभर चॅनल भरता येतात, छान आहे, पण पुराच्या रात्री कोणी सांगितलं की रिपीटर (उंचावरून सगळ्यांचं बोलणं पुढे पाठवणारं स्टेशन) बंद पडलाय, अमुक फ्रिक्वेन्सीवर सिम्प्लेक्सला, म्हणजे सेट टू सेट थेट या, तेव्हा लॅपटॉप कुठून आणणार. मॅन्युअल न उघडता, टॉर्चच्या उजेडात, दोन मिनिटांत जमलं पाहिजे. नाही जमलं तर दुसरा सेट बघा.

घेऊन झाल्यावर सेटच्या पाठीला मेडिकल टेप चिकटवा आणि त्यावर पक्क्या शाईने तुमचं कॉलसाइन (लायसन्सवर मिळालेलं रेडिओवरचं नाव), घरच्यांशी ठरलेली सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सी आणि ऐकायची वेळ लिहा. आमची दर तासाच्या ठोक्याला पहिली पाच मिनिटं आहे, बाकी वेळ सेट बंद. भाऊ आणि मी दर रविवारी सकाळी आठला रिपीटरशिवाय एकदा बोलतो, आणि जून लागला की ती टेप बदलतो कारण घामाने अक्षरं पुसतात.