सुटका केलेलं मोठ्या जातीचं पिल्लू दत्तक कसं घ्यावं आणि सावकाश कसं वाढवावं

ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मास्टिफ, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, नाहीतर यांपैकी कुणाचं तरी रक्त असलेलं मिश्र पिल्लू. कुणी हौसेनं आणलं आणि झेपेना म्हणून सोडून दिलं, किंवा पिल्लं विकणाऱ्याच्या कोंदट शेडमधून संस्थेनं सोडवून आणलं. बरगड्या मोजता येतात, पोट जंतांनी फुगलंय, पंजे मात्र अंगाच्या मानानं भलेमोठे. असं पिल्लू पाहिलं की भरपूर खाऊ घालून त्याला लवकर धष्टपुष्ट करावं असंच वाटतं. पण मोठ्या जातीच्या पिल्लाचं नुकसान बऱ्याचदा या मायेच्या घाईतूनच होतं. खाणं, व्यायाम, ओळखीपाळखी, ऑपरेशन, सगळंच त्याच्या बाबतीत सावकाश घ्यावं लागतं.

पायरी १: हो म्हणण्याआधी

पिल्लाकडे बघून ठरवू नका, त्याच्या दोन वर्षांनंतरच्या आकाराकडे बघून ठरवा. जन्मतः अर्धा-पाऊण किलोचं ग्रेट डेनचं पिल्लू वर्षभरात पन्नास किलोच्या आसपास जातं. जंताची गोळी, भूल, प्रतिजैविक यांचे डोस किलोच्या हिशेबानं ठरतात, त्यामुळे खर्चही वजनाबरोबर वाढतो. पाय दुखावलेला चाळीस किलोचा कुत्रा जिन्यावरून उतरवायला घरात कोण आहे, याचं उत्तर आजच हवं. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. आणखी एक कटू गोष्ट: कुत्रा जितका मोठा, तितकं त्याचं आयुष्य साधारणपणे कमी. ग्रेट डेन बहुधा आठ ते दहा वर्षंच जगतो.

संस्थेला विचारायच्या गोष्टी: पिल्लू कुठून आलं, आई पाहिली आहे का, भावंडांपैकी कुणी आजारी पडलं वा दगावलं का, कोणती लस कोणत्या तारखेला दिली, जंताचं औषध कधी दिलं, सध्या काय खातंय. भावंडांचा प्रश्न हटकून विचारा, कारण पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) एका पिल्लाला झाला की बाकीच्यांना बहुधा लागलेलाच असतो. वय कुणालाच ठाऊक नसेल तर दात बघा. दुधाचे अठ्ठावीस दात साधारण आठ आठवड्यांत पूर्ण होतात, पुढचे दात पडून कायमचे यायला साडेतीन-चार महिन्यांपासून सुरुवात होते आणि सहा-सात महिन्यांत बेचाळीसही दात आलेले असतात.

दोन भावंडं एकदम घेण्याचा मोह होईल. ‘एकमेकांना सोबत होईल’ हे खरं, पण ती एकमेकांतच रमतात आणि तुमच्याकडे बघायला त्यांना फुरसत उरत नाही. त्यातून जात मोठी असेल तर हे प्रकरण फार लवकर हाताबाहेर जातं.

पायरी २: घराची तयारी

सगळ्यात आधी फरशी. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकून घसरणं वाढत्या सांध्यांना चांगलं नाही. पिल्लू जिथे वावरणार तिथे न सरकणाऱ्या चटया किंवा रबरी मॅट अंथरा आणि जिन्याच्या तोंडाशी फाटक लावा. क्रेट (झोपायचा पिंजरा) घ्यायचा तर मोठेपणी पुरेल असाच घ्या आणि आत आडोसा घालून जागा लहान करा, म्हणजे एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्यात झोपण्याची सोय राहणार नाही.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगम हे सगळं त्याच्यासाठी विषारी आहे. मोठ्या जातीचं पिल्लू ओट्यावरच्या वस्तूपर्यंत तुमच्या अंदाजापेक्षा कितीतरी आधी पोचतं, तेव्हा ‘उंचावर ठेवलंय’ यावर विसंबू नका. घरात मागे कधी पार्व्होचा कुत्रा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण हा विषाणू महिनोन् महिने तग धरतो. साध्या फिनाइलवर भिस्त ठेवू नका. जागा आधी धुवून घ्या, मग घरगुती ब्लीच एकास तीस भाग पाण्यात मिसळून ते दहा मिनिटं ओलं राहू द्या.

पायरी ३: आधी डॉक्टर, मग पाहुणे

पहिल्या एक-दोन दिवसांतच पशुवैद्याकडे न्या आणि सोबत ताज्या शीचा नमुना न्या. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) आहे का तेही तपासून घ्या. हरवलेलं पिल्लू ‘सोडून दिलेलं’ समजलं जाण्याचे प्रकार घडतात.

लसींबद्दल एक गोष्ट समजून घेतली की वेळापत्रकाचा कंटाळा येत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला वाचवते, पण तीच लसीलाही निष्प्रभ करते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत निदान सोळा आठवड्यांचं वय होईपर्यंत जावं लागतं. शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी झाला असेल तर ‘सगळ्या लसी झाल्या’ हे वाक्य खरं धरू नका. कागद नसेल तर लस झालीच नाही असं समजून सुरुवात करा. रेबीजची लस स्थानिक नियमानुसार, साधारण बारा आठवड्यांनंतर.

जंताचं औषध आठ आठवड्यांच्या वयापर्यंत दर पंधरवड्याला आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला देण्याची पद्धत आहे. गोल जंतांची अंडी माणसाच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून लहान मुलांच्या हात धुण्याकडे लक्ष ठेवा.

केस गळालेलं, खाजवणारं पिल्लू असेल तर डॉक्टरांनी त्वचा खरवडून तपासल्याशिवाय इंजेक्शन देऊ नका. एका प्रकारची खरूज माणसालाही खाज आणते, दुसऱ्या प्रकारचे किडे माणसाला काहीच करत नाहीत आणि दोन्हींचे उपचार सारखे नाहीत. शिवाय कोली आणि शेफर्ड कुळातल्या काही कुत्र्यांमध्ये असा जनुकीय दोष असतो की खरजेवर देतात त्या आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस थेट मेंदूवर परिणाम करतो. पिल्लू मिश्र असेल तर त्याच्यात कुणाचं रक्त आहे ते कोण सांगणार?

घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांना साधारण दोन आठवडे वेगळं ठेवा. उलट्या, रक्ताची जुलाबं, खाण्याकडे पाठ आणि मलूलपणा दिसला तर उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तापावर पॅरासिटामॉल, दुखण्यावर आयबुप्रोफेन असे माणसांचे उपाय अजिबात नकोत.

पायरी ४: खाणं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

खूप उपाशी राहिलेल्या पिल्लापुढे भरलेलं ताट ठेवणं धोक्याचं असतं. उपासमारीत शरीरातले फॉस्फरस, पोटॅशियमसारखे क्षार संपत आलेले असतात. एकदम भरपूर अन्न आलं की उरलेसुरले क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात आणि हृदयावर ताण येतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणात, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या आणि काही दिवसांत हळूहळू वाढवा. पहिल्या आठवड्यात संस्थेत जे खात होतं तेच चालू ठेवा, नवं अन्न त्यात रोज थोडं थोडं मिसळत बदला.

मग खरा प्रश्न, कॅल्शियमचा. ‘मोठी जात आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत’ म्हणून पावडर सुरू करणारे हितचिंतक तुम्हाला नक्की भेटतील. त्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका. वयानं मोठा झालेला कुत्रा जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवू शकतो. पहिल्या सहाएक महिन्यांत पिल्लाला ते नीट जमत नाही. जितकं पोटात जाईल त्यातलं बरंचसं शरीरात शिरतं आणि कूर्चेचं हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडते. ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमनं हाडं वाकडी आणि सांधे खराब झालेले दिसले आहेत. म्हणूनच मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं अन्न वेगळं मिळतं. अमेरिकी मानकांत, मोठेपणी सुमारे ३२ किलो किंवा जास्त वजन होणाऱ्या पिल्लांच्या अन्नात कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या (पाणी वगळून) वजनाच्या १.८ टक्के आहे. पाकिटावर ‘मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांसाठी’ असा स्पष्ट उल्लेख बघूनच घ्या आणि त्यावर दुसरं काही पूरक घालू नका. घरचंच शिजवून द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून कृती लिहून घ्या. अंदाजानं केलेल्या जेवणात कॅल्शियम बहुधा फार कमी पडतं आणि तेही तितकंच वाईट.

आता प्रमाण. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर पाहिले गेले. भावंडांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, तर जास्त खाणाऱ्यांचं ११.२ वर्षं निघालं. खुब्याचे त्रासही सडपातळ कुत्र्यांत बरेच कमी होते. गुबगुबीत पिल्लू फोटोत छान दिसतं, एवढाच त्याचा उपयोग. कमी खाल्ल्यानं कुत्र्याची अंतिम उंची घटत नाही, तो ती थोडी उशिरा गाठतो.

पाकिटावरचा तक्ता सुरुवातीपुरता धरा, पुढचं माप हातानं ठरवा. बरगड्यांवरून बोटं फिरवली की न दाबता त्या जाणवाव्यात, वरून पाहिल्यावर कमरेला खाच दिसावी, बाजूनं पोट वर गेलेलं असावं. दर आठवड्याला वजन करा. पिल्लाला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. ही सोय फार दिवस टिकत नाही, नंतर दवाखान्यातला काटा. चौथ्या महिन्यापर्यंत दिवसातून चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन आणि पुढे कायम दोन वेळा खाणं. बक्षिसाचे तुकडे दिवसाच्या वाट्यातूनच काढा.

पायरी ५: हाडं कच्ची असेपर्यंत

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, त्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. मोठ्या जातींत त्या पक्क्या व्हायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, अतिविशाल जातींत त्याहूनही थोडा जास्त काळ. तोवर गाडीतून उडी मारू देणं, सायकलबरोबर किंवा जॉगिंगला पळवणं, चेंडूमागे पुन्हा पुन्हा गर्रकन वळवणं टाळा.

‘वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं चाल’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो. त्यामागे ठोस संशोधन नाही. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड पिल्लांवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात मात्र कामाची माहिती मिळाली: पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत हिप डिस्प्लेशियाचा (खुब्याचा सांधा नीट न घडण्याचा) धोका वाढलेला दिसला आणि मऊ, हलक्या चढउताराच्या जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत तो कमी. म्हणजे डांबरी रस्त्यावर पट्ट्याला बांधून लांब चालवण्यापेक्षा कुंपण असलेल्या गवतात सोडा. हुंगू दे, पळू दे, थकलं की लोळू दे.

पाच ते अठरा महिन्यांच्या वयात एकदा हा पाय, एकदा तो पाय असं लंगडणं पॅनोस्टिआयटिसमुळे (लांब हाडांच्या दाहामुळे) असू शकतं आणि ते वयानुसार जातं. पण निदान डॉक्टरांनी करायचं. दोन दिवसांत न थांबणारं लंगडणं ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका.

पायरी ६: विश्वास

रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा आडाखा सांगतात: पहिले दिवस बावरलेपणाचे, मग घराची लय कळते, मग आपलं घर वाटू लागतं. आडाखा ढोबळ आहे, पण पहिल्या दिवसांत पाहुणे, अंघोळ आणि फोटोसत्र टाळायला तेवढं कारण पुरे. कोपऱ्यात बसलेल्या पिल्लाला ओढून बाहेर काढू नका. जमिनीवर त्याच्याकडे कूस करून बसा, खाऊचा तुकडा बाजूला टाका, जवळ येणं त्याच्यावर सोडा.

तरीही एका बाबतीत वेळ हातात नसतो. जगाची भीड चेपण्याचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतं आणि लसी पूर्ण व्हायला सोळा आठवडे लागतात. मधला मार्ग असा की अनोळखी कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जागा टाळून उचलून, ढकलगाडीतून किंवा मोटारीत बसवून जग दाखवा. छत्री, काठी, हेल्मेट, व्हीलचेअर, मुलांचा गलका, सगळं लांबून आणि खाऊसोबत. लसी झालेल्या शांत कुत्र्याशी ओळख चालेल.

अंगावर उड्या मारणं, पट्टा ओढणं, खेळताना दात लावणं हे आठ किलोच्या पिल्लानं केलं की हसू येतं. पन्नास किलोचा झाल्यावर म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडेल. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड, हा नियम पहिल्या दिवसापासून आणि घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. आजोबा गुपचूप मोडतात, त्यांना आधी शिकवा.

उपासमार पाहिलेलं पिल्लू भांड्यावर गुरगुरू शकतं. भांड्यात हात घालून ‘सवय लावू’ नका. चालता चालता भांड्यात आणखी चांगला तुकडा टाकत जा. माणूस जवळ आला की वाढतं, जात नाही, हे त्याला कळू द्या. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केलीत तर ते पुढे इशारा न देता चावेल.

शू-शीसाठी झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर न्या आणि जागेवरच शाबासकी द्या. अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, त्याचा वास मुतासारखाच येतो.

पायरी ७: ऑपरेशन कधी, आणि पोट फुगलं तर

नसबंदीची अट दत्तक करारात बहुधा असतेच. गोल्डन रिट्रीव्हरवरच्या २०१३ च्या अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे आजार जास्त आढळले. पुढे बऱ्याच मोठ्या जातींत आणि वीस किलोंहून मोठ्या मिश्र कुत्र्यांतही तोच कल दिसला. ग्रेट डेनमध्ये मात्र दिसला नाही. त्यामुळे करारावर सही करण्याआधी मुदत वाढवून मिळेल का ते विचारा. मिळाली तर तोवर पिल्लं होऊ न देण्याची जबाबदारी तुमची.

खोल छातीच्या कुत्र्यांत जठर वायूनं फुगून पिळा पडतो. ओकारीचा प्रयत्न होतो पण काही पडत नाही, पोट टणक होतं, लाळ गळते, कुत्रा एका जागी ठरत नाही. हा तासांचा खेळ असतो, म्हणून रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून त्याचा नंबर दारामागे चिकटवा. उंच स्टँडवरची भांडी यावर उपाय म्हणून विकली जातात. एका मोठ्या पाहणीत उलट त्यांच्याबरोबर धोका वाढलेला दिसला, तेव्हा भांडं जमिनीवरच ठेवा. जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून ठेवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे गॅस्ट्रोपेक्सी, पिळा पडणं बहुतांशी टाळते आणि नसबंदीबरोबरच करता येते. डेनसारखी जात असेल तर डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोला. त्याच भुलीत खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे काढून घ्या आणि चिप बसवलेली नसेल तर तीही बसवून घ्या, म्हणजे पुन्हा भूल द्यावी लागणार नाही.