"दुष्काळ म्हणजे काय" असा निबंध तपासायचा कसा?

एफवायच्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी एक निबंध देतो, "दुष्काळ म्हणजे काय?" दहा मार्क, दीड-दोन पानं, साठेक पेपर. तपासायला मला हाच सगळ्यात अवघड जातो कारण माहितीचा निबंध असला की मुद्दे मोजून मार्क देता येतात, इथे ते चालत नाही. एखादं पोरगं तीन पानं भरून बहात्तरच्या दुष्काळावर लिहितं, सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं, सगळं बरोबर, अक्षरही छान, आणि दुष्काळ म्हणजे नक्की काय ते शेवटपर्यंत सांगतच नाही. मग याला किती द्यायचे? नवीन शिक्षक हे नेहमी विचारतात म्हणून मी कसं करतो ते नीट लिहितोय.

पेपरच्या गठ्ठ्याला हात लावायच्या आधी स्वतः उत्तर लिहा. खरंच कागदावर लिहा, मनात नको. माझं असं होतं: एखाद्या भागाला एरवी जेवढं पाणी मिळतं त्यापेक्षा ते बराच काळ इतकं कमी पडतं की तिथली शेती, जनावरं आणि माणसांचं जगणं मोडायला लागतं, तो दुष्काळ. यात तीन गोष्टी आहेत, एरवीच्या तुलनेत कमी, बराच काळ, आणि जगण्यावर परिणाम. स्वतः लिहिलं की कळतं यातलं काय सुटू शकतं, आणि पोरांचं कुठे अडलं असेल तेही.

आता पेपरात मी पहिल्यांदा व्याख्येचं वाक्य शोधतो आणि त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारतो. कधी ते पहिल्या ओळीत असतं, कधी दुसऱ्या पानाच्या मध्यात, उशिरा आलं म्हणून मार्क कापू नका. कुठेच नसेल तर मात्र निबंध कितीही देखणा असो, माझ्याकडे चारच्या वर जात नाही.

सापडलं की ते घासून बघायचं. याला आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, फार जुनी आणि फार कामाची पद्धत आहे, व्याख्येचे तीन दोष: अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव. तिथलं उदाहरण गाईचं. "कपिल (तांबूस) रंगाची ती गाय" म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहिली, ही अव्याप्ती. "शिंगं असलेली ती गाय" म्हटलं तर म्हैसही आत आली, ही अतिव्याप्ती. "एकसंध खुराची ती गाय" म्हटलं तर एकही गाय बसत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. आणि बरोबर लक्षण कोणतं, तर गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी. मी हे निबंध द्यायच्या आधीच वर्गात फळ्यावर काढतो, म्हणजे पेपरवर नुसतं "अतिव्याप्ती" लिहिलं तरी मुलाला कळतं काय चुकलं ते.

दुष्काळाला हे लावून बघा. सगळ्यात जास्त पेपरात येणारं वाक्य: "पाऊस कमी पडणे म्हणजे दुष्काळ." मग जैसलमेरला कायमच दुष्काळ म्हणायचा का? तिथे कमी पाऊस हीच रीत आहे, म्हणून तुलना त्या भागाच्या स्वतःच्या सरासरीशी करावी लागते. हवामान खातंही तेच करतं, सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी पाऊस झाला की ते अवर्षण धरतात. म्हणजे ही अतिव्याप्ती, समासात "जैसलमेर?" एवढंच लिहायचं. दुसरं वाक्य: "प्यायला पाणी नसणे म्हणजे दुष्काळ." इथे मी ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका लिहितो. पाऊस धो धो, तानसा आणि भातसा ही धरणं तिथेच, मुंबईला पाणी तिथून जातं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतो. ती टंचाई आहे, वाईटच आहे, पण दुष्काळ वेगळा, आणि हा फरक ज्याला सांगता आला त्याला मी मोकळ्या हाताने मार्क देतो. याच वाक्यात अव्याप्तीही आहे बरं का, कारण जुनी माणसं सांगतात की बहात्तरला विहिरीत पाणी होतं, धान्य नव्हतं.

तिसरा प्रकार हुशार मुलांचा असतो: "शासन जाहीर करते तो दुष्काळ." पूर्वी पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या आत आली का ते बघत, मग नंतर आलेले निकष, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. त्यांना मी एकच प्रश्न लिहितो. 31 ऑक्टोबर 2018 ला राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, मग 30 तारखेला तिथे काय होतं? निकष म्हणजे ओळखायची खूण, ती वस्तू नव्हे. ताप मोजायला थर्मामीटर लागतो म्हणून थर्मामीटर म्हणजे ताप होत नाही.

पाठांतराचे आणि हल्ली मोबाईलमधून उतरवलेले परिच्छेद ओळखायला मी एक साधी युक्ती करतो. वाक्यातला "दुष्काळ" काढायचा आणि तिथे "पूर" घालून वाचायचं. "दुष्काळ ही एक गंभीर आपत्ती असून तिचा मानवी जीवनावर दूरगामी परिणाम होतो." पूर घाला, जसंच्या तसं खरं राहतं ना? मग त्या वाक्याने दुष्काळाबद्दल काहीच सांगितलेलं नाही. अशा वाक्याशेजारी मी छोटा "पू" लिहितो. पानावर सहा-सात पू दिसले की मुलाला स्वतःलाच दिसतं किती जागा वाया गेली, आणि कुठून उतरवलं हा वाद घालायची आपल्याला गरज पडत नाही.

मार्कांची वाटणी माझी अशी: व्याख्येला 3, उदाहरणांना 4, जवळच्या शब्दांपासून वेगळं काढण्याला 2 (अवर्षण, टंचाई, दुष्काळ), मांडणीला 1. उदाहरणांना सगळ्यात जास्त, आणि त्यातले दोन राखून ठेवलेले असतात उलट्या उदाहरणाला, म्हणजे दुष्काळासारखं दिसतं पण नाही असं. शुद्धलेखनाचे वेगळे मार्क मी कापत नाही, माणदेशातून आलेलं पोर "पानी" लिहितं पण चारा छावणीत आठ दिवस काढून आलेलं असतं, त्याचं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही.

आणि आपली व्याख्या मोडली तर कबूल करा. एका वर्षी एका मुलीने 1943 च्या बंगालबद्दल लिहिलं, पावसाने दगा दिला हे तिथलं मुख्य कारण नव्हतं, युद्ध होतं, भाव भडकले, तांदूळ गरिबाच्या हाती पडला नाही, लाखो माणसं गेली, आणि त्यालाही मराठीत आपण दुष्काळच म्हणतो. माझी व्याख्या पाण्यावर उभी होती, तिच्यात बंगाल बसेना. अव्याप्ती माझीच निघाली. तेव्हापासून मी बघतो की मुलाने आधी सांगितलंय का तो कोणत्या अर्थाने शब्द घेतोय, पाण्याचा की अन्नाचा. सांगितलं असेल तर त्या अर्थाच्या हद्दीतच तपासायचं.

बाकी नेहमीचं. नाव असलेलं पान दुमडून ठेवा, पहिले आठ पेपर नुसते वाचा आणि मार्क पेन्सिलने द्या, कारण विसाव्या पेपरापर्यंत आपला हात बदललेला असतो, शेवटी ते आठ परत बघा. एका बैठकीत पंधराच्या वर नको.

शेरा एकच द्या, आणि तो प्रश्न असू दे. पेपर परत दिले की मी दहा मिनिटं देतो, फक्त व्याख्येचं वाक्य त्याच पेपरच्या खाली नव्याने लिहायचं. गेल्या खेपेला "पाऊस कमी पडणे म्हणजे दुष्काळ" लिहिणाऱ्या मुलाने खाली लिहिलं, "आमच्याकडं दरसाल पडतो तेवढाबी पाऊस न पडणे आणि त्यापायी बाजारात जनावर निम्म्या भावात विकावं लागणे." व्याख्येच्या तीनपैकी त्याला एक होता, तो खोडून अडीच केला.