साथीच्या काळात फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या रुग्णाची घरी काळजी कशी घ्यावी

मराठीत डिमेन्शियाला आपण सरसकट स्मृतिभ्रंश म्हणतो, आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या बाबतीत घरच्यांची पहिली फसगत याच शब्दामुळे होते. या आजारात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांलगतचा भाग झिजत जातो. तो बहुधा 45 ते 65 या वयात सुरू होतो आणि सुरुवातीची काही वर्षे स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते. बिघडते ते वागणे, तारतम्य किंवा भाषा. 25 मार्च 2020 ही टाळेबंदीची तारीख माझ्या यजमानांना पाठ होती, तरीही ते दर अर्ध्या तासाने चपला घालून दाराशी उभे राहत. नियम ठाऊक असणे आणि त्याप्रमाणे स्वतःला आवरणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि या आजारात दुसरे आधी जाते. म्हणून रुग्णाला समजावण्यात शक्ती घालवू नये. ती घराची मांडणी आणि दिवसाचा क्रम बदलण्यात लावावी.

रुग्णाचा नेम मोडू नये, त्याची फक्त जागा बदलावी. दुपारी चारला कोपऱ्यावरच्या वाण्याकडून बिस्किटांचा पुडा आणणे हा आमच्याकडचा नेम होता. दाराला कुलूप लावल्यावर कडी खडखडवणे आणि ओरडणे सुरू झाले, तेव्हा मी चारच्या ठोक्याला गच्चीवर फेऱ्या आणि शेवटच्या फेरीनंतर बिस्किटे असा क्रम लावला. फेऱ्या मोजण्यासाठी वाटीत बारा चिंचोके ठेवले. प्रत्येक फेरीला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. तिसऱ्या दिवशी दोन्ही वाट्या मिळून अकराच भरले आणि बारावा त्यांच्या गालात सापडला. हाताला लागेल ते तोंडात घालणे हे या आजाराचे लक्षण आहे, हे माहीत असूनही मला ते सुचले नव्हते. त्यानंतर आम्ही भिंतीवर खडूने रेघा ओढू लागलो.

याच कारणाने सॅनिटायझरची बाटली उघड्यावर ठेवू नये. रंगीत, सुवासिक सॅनिटायझर सरबतासारखे दिसते आणि पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. रुग्णाचे हात साबणानेच धुवावेत आणि फिनाईल, ब्लीचिंग पावडर व औषधांचा डबा कुलपात ठेवावा. गोडाची ओढही फार वाढते, त्यामुळे साखर आणि गूळ नजरेआड असलेले बरे.

मास्क लावा, असे दहादा सांगण्यापेक्षा रुग्णासमोर उभे राहून आधी स्वतः मास्क लावावा आणि मग दुसरा त्यांच्या हातात द्यावा, कारण अनेक रुग्ण समोरच्याचे सहज अनुकरण करतात. तरीही ते काढून टाकत असतील, तर हट्ट सोडून पहाटेची, निर्मनुष्य वेळ निवडावी, आणि घरातील इतरांनी मास्क व लसीची काळजी अधिक काटेकोरपणे घ्यावी. अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकणे किंवा हातगाडीवरचे फळ उचलून खाणे यावरून वाद होतात. डॉक्टरांचे मराठीतील पत्र जवळ असले, की नाकाबंदीवरील पोलिसाला आजार समजावून सांगणे सोपे जाते.

कित्येक रुग्ण ताप, वेदना किंवा धाप यांची तक्रार करतच नाहीत. साथ असताना सकाळ-संध्याकाळ ताप आणि ऑक्सिजन मोजून वहीत लिहावे. बोट कोमट आणि नेलपॉलिश नसलेले असावे, आणि ऑक्सिजनचा आकडा 94 टक्क्यांच्या खाली दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांना कळवावे. एरवी येरझारा घालणारा माणूस अचानक सुस्त झाला किंवा जेवण नाकारू लागला, तर ते आजार पुढे सरकल्याचे लक्षण मानण्याआधी संसर्ग तपासावा.

बाह्यरुग्ण विभाग बंद असताना शांत करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने वाढवू नयेत. अशा काही औषधांनी या रुग्णांचे अंग ताठरते, तोल जातो आणि धोका वाढतो. अल्झायमरसाठी दिले जाणारे डोनेपेझिल तर इथे सहसा उपयोगी पडत नाही, उलट चिडचिड वाढवू शकते. दूरध्वनीवरून सल्ला घेताना त्रासदायक वागण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवावा, कारण बोलण्याच्या त्या पाच मिनिटांत रुग्ण अगदी ठीक वाटू शकतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट. माझे दीर कोविडने गेल्याचा फोन आला, तेव्हा यजमानांनी सगळे ऐकून घेतले आणि जेवायला किती वेळ आहे, असे विचारले. त्या रात्री मला त्यांचा राग आला. दुसऱ्याचे दुःख जाणवणे हेही मेंदूचेच काम आहे, हे मी वाचलेले होते. तरी ते मनाला पटायला फार दिवस लागले. अशा वेळी रुग्णाकडून सांत्वनाची अपेक्षा न ठेवता आपले दुःख बहिणीपाशी, शेजारणीपाशी मोकळे करावे, आणि दिवसातला एक तास दुसऱ्या कोणाला तरी सांभाळायला सांगून तो स्वतःसाठी राखावा.

आपणच पॉझिटिव्ह आलो तर कोण सांभाळेल, हे आधी ठरवावे. त्या व्यक्तीसाठी, आणि सोबत कोणाला राहू न देणाऱ्या वॉर्डातील परिचारिकेसाठी, एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे: औषधांच्या वेळा, घास लहान द्यावा, दुखते का असे विचारून उपयोग नाही, चेहरा पाहावा, चार वाजता चालायला न्यावे आणि नंतर दोन बिस्किटे द्यावीत. आमच्याकडे ते पान अजूनही फ्रिजवर लावलेले आहे.