गोव्याच्या उकाड्यात अ‍ॅक्सोलॉटलची वीण

गोव्यात अ‍ॅक्सोलॉटलची पिल्ले काढायची तर आधी वीजबिलाची तयारी ठेवा. हा कल्ले असलेला, पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी मेक्सिको सिटीतल्या शोचिमिल्कोचा, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरांहून उंचावरच्या गार पाण्यातला. आमच्या फोंड्यात टाकीचे पाणी सहज २८ अंशांवर जाते. पुण्याकडचे लोक टाकीवर छोटे पंखे लावायला सांगतात. आपल्या दमट हवेत पाण्याची वाफच नीट होत नाही, तर गार कुठून होणार? पाणी गार करणारा चिलरच हवा. तोही कोंदट खोलीत नको, स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतो.

मुहूर्त डिसेंबर-जानेवारीचा. रात्री थोडा गारवा असतो, आणि पावसाळ्यासारखी घटकेघटकेला वीज जात नाही.

नराच्या मागच्या पायांमागे ठसठशीत फुगवटा दिसतो. मादी पोटाला गोल. मादी दीड वर्षाच्या आतली नको आणि दोघे एकाच विणीतले नकोत. विकणाऱ्याला हे स्पष्ट विचारा. तो चाचरला तर दुसरीकडून नर आणा.

दोघांना दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा, पाणी २० अंशांवर, खायला भरपूर गांडुळे. मग पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत उतरवून, दिव्याचा वेळ कमी करून संध्याकाळी एकत्र सोडा. सगळी मेख या फरकात आहे. बारा महिने एकाच तापमानात ठेवलेली जोडी बऱ्याचदा ढिम्म राहते.

तळाला कडप्प्याचा तुकडा खरबरीत बाजू वर करून ठेवा. नर शेपूट वळवळवत पुढे जातो आणि जेलीचे, पांढऱ्या टोकाचे (टोकात वीर्य असते) बारके सुळके तळाला चिकटवतो. मादी त्यावरून सरकत ते टोक आत घेते. गुळगुळीत काचेवर सुळका धरत नाही. जांभ्याचा चिरा मात्र ठेवू नका, कातडी सोलवटते.

एक-दोन दिवसांत मादी टाकीतल्या रोपांच्या पानापानावर एकेक अंडे लावत फिरते. भिजलेल्या साबुदाण्यात काळा ठिपका, असे ते दिसते. अल्बिनो (रंगद्रव्य नसलेल्या) मादीच्या अंड्यातला ठिपका फिका. शेकड्यांनी निघतात, कधी हजारावर. पाने अंड्यांसकट लगेच दुसऱ्या टाकीत हलवा, नाहीतर आईबापच फस्त करतील. पन्नासेक ठेवा, बाकीची पहिल्या दोन दिवसांत फ्रीझरमध्ये टाका. कठोर वाटेल, पण हा प्राणी साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. पाळलेल्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, जन्मलेल्या पिल्लांचीही कळवावी लागते. विहिरीत, तळीत सोडायचा तर विचारही नको. (शेजारच्या काकींनी रव्यात घोळवून तळण्याचा पर्याय सुचवला होता.)

पांढरी पडलेली, बुरशी धरलेली अंडी रोज काढा. दोन-तीन आठवड्यांत पिल्ले फुटतात आणि सुरुवातीला हलणारेच अन्न खातात. त्यामुळे आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारक्या जीवाची) अंडी आधीच आणून ठेवा. ती वेगळ्या भांड्यात फुटवायची: पाण्यात आगरातले जाडे मीठ, लिटरमागे २५ ते ३० ग्रॅम, हवेचा पंप चालू. दीडेक दिवसात आर्टेमिया फुटतो. गाळून, गोड्या पाण्यात धुऊन दिवसातून दोनदा घाला आणि उरलेले उपसा. पुढचे पाय फुटू लागले की पिल्ले एकमेकांचे पाय-कल्ले चावतात, म्हणून मापाप्रमाणे डबे वेगळे करा.

मादीला मात्र पुढचे सहा महिने नराच्या टाकीत सोडू नका. तो तिला थांबू देत नाही.