‘होतो’ म्हणजे ‘हॅड’ नव्हे : इंग्रजी भूतकाळातल्या या चुका टाळा

शिकवून शिकवून घसा बसला, तरी एक वाक्य काही पाठ सोडत नाही : ‘आय हॅड गॉन टू मार्केट यस्टर्डे.’ मराठीत ‘काल बाजारात गेलो होतो’ म्हणतात ना, मग ‘होतो’च्या जागी ‘हॅड’ ठोकला की झालं! आपला ‘होतो’ एकट्यादुकट्या घटनेलाही चालतो. ‘हॅड’ला मात्र जोडी लागते, एक घटना आधीची आणि एक नंतरची. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ गाडी सुटली आधी, मी पोचलो नंतर. जोडी नसेल तर साधं ‘आय वेंट’.

मीही हे ठेच लागूनच शिकलो. पहिल्या नोकरीत साहेबांना लिहिलं, ‘आय हॅड सबमिटेड द रिपोर्ट ऑन मंडे.’ उत्तर आलं, ‘अँड देन?’ मला वाटलं रिपोर्ट मिळाला नसावा, म्हणून पुन्हा पाठवला, वर तेच वाक्य. शेवटी केबिनमध्ये बोलावणं आलं. ‘सोमवारी दिलास, मग काय, परत घेतलास?’ ‘नाही सर.’ ‘मग हॅड कशाला?’ तेव्हापासून ‘हॅड’ लिहिला की मी स्वतःला विचारतो, कशाच्या आधी? उत्तर सुचलं नाही तर खोडतो.

‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ हेही नको. यस्टर्डे, लास्ट वीक, इन २०१९ अशी गेलेली ठरावीक वेळ आली की ‘हॅव’ला रजा : ‘आय सॉ हिम यस्टर्डे.’

‘आय वॉज नोइंग’ नाही, ‘आय न्यू’.

बोलताना ‘वॉकेड’ नको, ‘वॉक्ट’ म्हणा. ‘एड’ वेगळा ऐकू येतो तो मूळ क्रियापद ट किंवा ड या आवाजाने संपत असेल तेव्हाच : वॉन्टेड, नीडेड.

आणि अनियमित क्रियापदं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, ‘सर, काही ट्रिक?’ नाही. ‘कट’ बदलतच नाही, ‘रीड’चं स्पेलिंग तेच राहतं आणि उच्चार ‘रेड’ होतो. यात कसली ट्रिक? रोज दोन क्रियापदं घ्या आणि एकेकाची तीन वाक्यं लिहा : होकारार्थी, नकारार्थी, प्रश्नार्थक. नकारात आणि प्रश्नात भूतकाळाचं ओझं ‘डिड’ वाहतो, क्रियापद मूळ रूपात राहतं, हे हाताला वळण पडल्याशिवाय येत नाही. नुसता तक्ता घोकलेले ‘गो-वेंट-गॉन’ घडाघडा म्हणून दाखवतात आणि पुढच्याच वाक्यात विचारतात, ‘डिड यू वेंट?’